डावीकडून उजवीकडे

“पुसू का?” बायकोनं विचारलं. पर्स अजून खांद्यावरच होती. एका हातात टर्पेंटाइनचं फडकं आणि दुसऱ्या हातात रंग खरवडायची सुरी.

“थांब जरा. बघू दे.”

“बघायचं काय त्यात? काल होतं तेच आज आहे. रंग धरायला लागला की खरवडताना खांदा माझा भरून येतो, तुझा नाही.”

करवत स्टुलावरून उठला, कॅनव्हासकडे एकदा तिरपं बघून बाजूला झाला. “पूस.”

तिनं पुसलं. आधी सुरीनं वरून खाली, मग फडक्यानं गोल गोल, ओटा पुसावा तसं. करवतचं दिवसभराचं काम खाली अंथरलेल्या वर्तमानपत्रावर गोळा झालं. थोडी खिडकी, थोडा नळ, थोडी किटली आणि जाळीत निथळत ठेवलेल्या चार ताटल्या, सगळ्यांचा मिळून एक राखी चिखल. तिनं वर्तमानपत्र गुंडाळून केराच्या डब्यात कोंबलं, कॅनव्हास ठेवलेलं ईझल दारातून ओढून भिंतीला लावलं, म्हणजे तिला स्वतःच्या स्वयंपाकघरात शिरायला वाट मिळाली, आणि चहाचं आधण ठेवलं.

“झालं का धुणं, जावईबापू?” बाहेरच्या खोलीतून तिच्या भावाचा आवाज आला.

करवत हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हतं. त्याचे केस खांद्याच्या खाली आणि गिटार गुडघ्याच्या आसपास असायची, त्या काळात एका रॉक बँडमधलं त्याचं वादन ऐकून कुणीतरी ते ठेवलं. कौतुकानं ठेवलं की वैतागानं, हे कधी कळलं नाही, पण टिकलं. बाहेर सोफ्यावर बसलेला मेहुणा त्याच बँडचा ड्रमर. त्याचं नाव धडाका. त्याच्या बाबतीत मात्र वैतागच होता.

बँडचं गाजलेलं गाणं एकच. ते रेकॉर्ड करताना गिटारच्या सोलोच्या शेवटी करवतचं बोट घसरलं आणि एक सूर चुकला. स्टुडिओची वेळ संपत आली होती, म्हणून तो तसाच ठेवला. गाणं गाजलं, आणि गाण्यात तो सूर सगळ्यात जास्त गाजला. लोक त्याची वाट बघत बसायचे. तो आला की हात वर करून ओरडायचे. एकदा करवतनं भर कार्यक्रमात बरोबर सूर वाजवला, तर पहिल्या रांगेतून बाटली आली. त्यानंतर ती चूक रोज न चुकता वाजवणं हाच त्याचा धंदा झाला. ऐन तारुण्य आणि त्यानंतरचा बराचसा काळ त्यानं त्यात घालवला. मग एके दिवशी गिटार ठेवली आणि ब्रश उचलला.

कारण विचारायला पुष्कळ लोक आले. दारू का, हात गेला का, बाई आहे का, अशी तयार उत्तरंही सोबत घेऊन आले. करवत म्हणायचा, “चित्रात चुकलं तर पुसता येतं.” हे ऐकून लोक एकमेकांकडे बघायचे आणि दारूच असणार असं ठरवून जायचे.

तर, तो पुसत होता. खिडकी, नळ, किटली, ताटल्या. सकाळी बायको चष्म्याच्या दुकानात कामाला गेली की तो ईझल स्वयंपाकघराच्या दारात लावायचा, डावीकडच्या खिडकीपासून सुरुवात करायचा आणि संध्याकाळी उजव्या टोकाच्या शेवटच्या ताटलीपाशी संपवायचा. ती आली की पुसायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा खिडकीपासून. गेली कित्येक वर्षं. बायकोला यात काही वावगं वाटलं नव्हतं. ती लहानपणापासून भावाच्या तालमी ऐकत आली होती. एकच गाणं हजारदा पहिल्यापासून वाजवायचं असतं, एवढं तिला कळत होतं. चित्रांचंही तसंच असणार. तिनं आयुष्यात दुसरा चित्रकार पाहिला नव्हता.

“मोटरसायकलवाल्यांचा मेळावा आहे,” धडाका चहाचा कप घेत म्हणाला. “जुना बँड पाहिजे म्हणतायत. अख्खा. मैदानात, मोठा साउंड. मी हो म्हटलंय.”

“तुझ्यापुरतं हो म्हण.”

“ड्रमचा कार्यक्रम करू का एकट्यानं? लोकांना काय वाटेल, जनरेटर बिघडलाय?”

“मी वाजवत नाही.”

“माहितीये. तू धुतोस.” धडाक्यानं कप आपटला. “तू गेलास, बँड बसला. मी कुठे वाजवतो माहितीये ना? हॉटेलात. ड्रमवर काठ्यांऐवजी ब्रश फिरवतो. मीपण ब्रशच फिरवतो रे, तुझ्यासारखा! मॅनेजर येऊन कानात सांगतो, जरा हळू, सूप चाललंय. सूप! मी मैदानं हलवलीयत. आता बशीतला चमचा हलला तर माफी मागतो.”

“दादा, ओरडू नको. खाली ऐकू जातं,” बायको म्हणाली.

“जाऊ दे ऐकू. कोणाला तरी जाऊ दे.” मग तो करवतकडे वळला. “बरं, एक सांग. एवढी वर्षं झाली. एक चित्र दाखव. एक. मी गप्प बसतो.”

“अजून बसलं नाही.”

“मग सोपं काहीतरी बसव! ताटल्या कशाला चार? एक घे.”

एका ताटलीचा विचार करवतनंही केला होता, हे मेहुण्याला सांगायची गरज नव्हती.

आठवड्यातून तीनदा संध्याकाळी तो मास्तरांच्या वर्गाला जायचा. टायरच्या दुकानावर एक खोली होती. तिथे मास्तर प्रौढांना चित्रकला शिकवायचे, म्हणजे प्रौढांचा पाणउतारा करायचे. वर्गात रबराचा वास आणि मास्तरांची जीभ या दोन्हींची सवय व्हायला वेळ लागे. रंगाचं काम ज्यानं त्यानं घरी करायचं. वर्गात फक्त कोळसा आणि प्लास्टरची डोकी. त्यामुळे करवत घरी काय करतो हे मास्तरांना ठाऊक नव्हतं. ते त्याला गिटारसम्राट म्हणत आणि आळशी समजत.

“या खेपेचं प्रदर्शन शेवटचं,” मास्तर त्या आठवड्यात म्हणाले. “टायरवाल्याला खोली परत पाहिजे. टायरला जास्त भविष्य आहे असं त्याचं म्हणणं, आणि तुमच्याकडे बघून मला वाद घालता आला नाही.”

पद्धत जुनीच होती. मास्तर स्वतः प्रत्येकाच्या घरी जाऊन एकेक चित्र निवडणार. चित्र निवडायचा अधिकार विद्यार्थ्याला नाही.

“पण सर, माझं मला जास्त कळतं ना,” डेंटिस्टबाई म्हणाल्या. त्या फक्त सूर्यास्त काढायच्या.

“तुम्ही स्वतःची दाढ स्वतः काढता का? मग झालं तर. आणि चित्र सुकलेलं पाहिजे. मागच्या खेपेला विम्याच्या साहेबांच्या ओल्या घोड्यानं माझा कोट घालवलाय.” मग त्यांनी करवतकडे बोट केलं. “गिटारसम्राट, दर प्रदर्शनाला तुमचं एकच पालुपद, अजून तयार नाही. या वेळेस मी घरी येणार आणि जे असेल ते उचलणार. काही नसलं तर या वर्गात तुम्ही कधी आलाच नव्हता, असं समजू. मलाही बरं, टायरवाल्यालाही बरं.”

करवत घरी आला तो थेट स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला. भिंतीला टेकवलेला कॅनव्हास कोरा होता. कोरा तरी कसला, पुसलेला. त्याला वर्ग सोडायचं वाईट वाटत नव्हतं. मास्तर नकोच होते. पण आपण चित्रकार आहोत असं म्हणणारा जगात एकही माणूस नसताना, निदान एका भिंतीवर एक खिळा आपल्या नावाचा असावा, एवढंच त्याला हवं होतं. तो खिळा मिळाला नाही तर मेहुणा, बाटलीवाला आणि चौकशीला आलेले सगळे खरे ठरत होते. दारूच असणार.

ठरलेल्या दिवशी मास्तर दुपारी आले. जिना चढून धापा टाकत, रुमालानं मान पुसत.

“दाखवा.”

करवतनं त्यांना स्वयंपाकघराच्या दारापाशी नेलं. मास्तर कॅनव्हाससमोर उभे राहिले आणि त्यांचं मान पुसणं थांबलं. डावी अर्धी बाजू पूर्ण होती. खिडकी, तिच्या काचेवरचा डाग, त्यातून आलेला सकाळचा उजेड, नळ, नळाच्या टोकाशी लोंबणारा थेंब, सगळं अगदी शेवटच्या हातापर्यंत. मध्यावर किटली अर्धी होती, सुरीनं कापल्यासारखी. तिच्यापुढे काही नव्हतं.

“उरलेलं कुठाय?”

“काढायचंय. संध्याकाळपर्यंत होतं.”

“हे असं एका बाजूनं? आधी आराखडा नाही, सगळीकडे रंगाचा हात नाही, काही नाही? डावीकडून सुरुवात आणि उजवीकडे शेवट?”

“मग कुठून करायची सुरुवात?” करवतनं खरोखरच विचारलं.

मास्तरांनी स्टूल ओढलं आणि बसले. “अहो, हे गाणं आहे का? एक दोन तीन चार म्हणून सुरू केलं आणि शेवटी थाळी वाजवली? सकाळी खिडकी काढता तेव्हा उजेड कुठला? संध्याकाळी ताटल्या काढता तेव्हा कुठला?”

“ताटल्यांपर्यंत येतो तेव्हा दिवा लावावा लागतो.”

“एका ओट्यावर डाव्या हाताला सकाळ आणि उजव्या हाताला रात्र.”

“हो. तसंच असतं ते.”

मास्तर काही वेळ गप्प राहिले. विद्यार्थ्यांना हे माहीत होतं, की ते गप्प राहिले म्हणजे पुढचं वाक्य घरी जाऊन रडण्यासारखं असतं. पण ते वाक्य आलं नाही. “बरं. बाकीची चित्रं काढा बाहेर.”

“बाकीची नाहीत.”

“नाहीत म्हणजे? विकली? तुमची?”

“हेच आहे. रोज हेच काढतो. अजून बसायचंय. बसवतोय.”

“मग कालचं कुठाय?”

याच वेळी बाहेरचं दार उघडलं. बायको त्या दिवशी लवकर सुटली होती. ती आत आली, अनोळखी म्हाताऱ्याला बघून अदबीनं हसली, सवयीनं कोनाड्यातलं फडकं आणि सुरी उचलली आणि म्हणाली, “पाहुणे बघून झाले असतील तर पुसू का?”

मास्तर उठून उभे राहिले. आधी तिच्याकडे बघितलं, मग सुरीकडे, मग केराच्या डब्यातून डोकावणाऱ्या राखी वर्तमानपत्राकडे. त्यांचा चेहरा हळूहळू पांढरा पडला.

“ही कोण?”

“बायको.”

“ही रोज...?”

“रोजच,” ती जरा अभिमानानं म्हणाली. “सुरुवातीला हेच पुसायचे, पण कडा स्वच्छ निघत नव्हत्या.”

“अरे गाढवा!” मास्तर ओरडले. ‘तुम्ही’ गळून पडलं होतं. “इतकी वर्षं तू तालीम करतोयस? चित्राची? कार्यक्रम कधी आहे मग? तिकिटं लागलीयत का? अरे, गाणं हवेत जातं म्हणून तुला रोज वाजवावं लागायचं. हे कापडावर राहायला तयार होतं. राहू दिलंस नाही तू! तू चित्रकार नाहीस. तू फडकं आहेस. आणि ही दुसरं फडकं!”

“आवाज खाली,” बायको म्हणाली. सुरी अजून तिच्या हातात होती आणि आता ती वेगळ्या पद्धतीनं धरलेली होती. “माझ्या घरात मला फडकं म्हणायचं नाही. मास्तर ना तुम्ही? तुम्हीच शिकवलं असेल त्यांना, मला काय माहीत?”

“मी? मी शिकवलं पुसायला?”

“मग राहू द्यायला शिकवलं होतं का?”

राहू द्यायला शिकवावं लागतं, हे मास्तरांच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. ते पुन्हा स्टुलावर बसले आणि त्यांनी जरा वेगळ्या आवाजात विचारलं, “त्यातलं एखादं बरं होतं?”

करवतनं भिंतीकडे बघितलं. एक होतं. एका थंडीतलं. त्या दिवशी चित्रातला नळ आपोआप आला होता, हात मध्ये पडलाच नव्हता, आणि ताटल्यांपाशी पोचेपर्यंत त्याला ठाऊक होतं की हेच ते. बायको म्हणाली पुसू का, तर तो शीळ घालत म्हणाला होता, पूस. चांगली तालीम झाली की माणूस गिटार पेटीत ठेवून निवांत घरी जातो, उद्या आणखी चांगलं होणार म्हणून. तसा तो त्या रात्री झोपला. तो नळ पुन्हा आला नाही. त्यानंतर रोज सकाळी तो कशाची वाट बघत बसला होता, हे त्याच्या आत्ता, या म्हाताऱ्यासमोर, लक्षात येत होतं.

“होतं एक,” तो म्हणाला.

मास्तरांनी पुढे विचारलं नाही. कोट झटकत उठले. “हे आज पुरं करायचं. मग हात लावायचा नाही. डाग पडला, चुकलं, भूकंप झाला, तरी हात लावायचा नाही. सुकलं की मी माणूस पाठवीन. आणि वहिनी, ती सुरी कुठेतरी दूर ठेवा. मी जाईपर्यंत तरी.”

मास्तरांच्या या भेटीत दुपारचा बराच उजेड वाया गेला होता. करवतनं किटलीचा उरलेला अर्धा भाग घेतला. हात लाकडासारखा झाला होता. इतकी वर्षं त्याचा हात मोकळा चालायचा, कारण संध्याकाळी सगळं जाणार हे हाताला माहीत होतं. आज जाणार नव्हतं. किटलीचा दांडा तीनदा चुकला, तिन्ही वेळा त्यानं वाजवतानाच्या सवयीनं मागे न बघता पुढे रेटलं. पहिली ताटली बरी आली. दुसरी चालण्यासारखी. दिवा लावला तेव्हा बाहेर बायको उपाशी बसून चमच्यानं टेबलावर ठोके देत होती. ड्रमरच्याच घरची मुलगी.

“होणार का आज?”

“होतंय.”

“भूक लागलीय मला. ओट्याचं चित्र चाललंय म्हणून ओटा वापरायचा नाही का?”

शेवटची ताटली त्यानं उरकली. ती जाळीत उभी राहण्याऐवजी जाळीतून पडत असल्यासारखी दिसत होती, आणि तिची कड कुणीतरी दातानं तोडल्यासारखी. त्यानं ब्रश ठेवला. बायको आत आली, बघितलं, तिचा हात आपोआप कोनाड्याकडे गेला आणि मधेच थांबला.

“ही ताटली...” ती म्हणाली.

“माहितीये.”

“पडतेय ती.”

“माहितीये म्हटलं ना!”

पुढचे दोन आठवडे त्या घरात कुणी धड बोललं नाही. चित्र बाहेरच्या खोलीत कपाटावर ठेवलं होतं आणि तिथून ते सगळ्यांकडे बघत होतं. संध्याकाळी बायको आली की तिला काही काम उरत नसे. ती पर्स घेऊन खोलीच्या मधोमध उभी राही. तिला पहिल्यांदाच कळलं की नवरा संध्याकाळी काय करतो. काही करत नाही. दिवसभर तो त्या ताटलीसमोर बसे. एकदा त्यानं फक्त कड सरळ करायला म्हणून ब्रश भिजवला, तर ती न्हाणीघरातून ओल्या केसांनी धावत आली.

“ठेव तो!”

“जरासं.”

“जरासं म्हणजे खिडकीपासून. मी ओळखत नाही का तुला? ठेव म्हणते ना.” त्यानं ठेवला. मग ती म्हणाली, “इतकी वर्षं मी पुसत होते. एकदा तरी सांगायचंस, की हे राहू दे. मला वाटलं, तुला पाहिजे म्हणून. मास्तरांना म्हणालास ते थंडीतलंच ना? मलापण आवडलं होतं ते.”

“मग पुसलंस कशाला?”

“तू शीळ घालत होतास!”

त्या रात्री तिनं जेवण वाढताना ताटली त्याच्यापुढे जरा जोरातच ठेवली.

दुसऱ्या दिवशी धडाका आला. मेळावा होऊन गेला होता, आणि अजून त्याच्या कानात मैदान वाजत होतं. तो दारातूनच मोठ्यानं बोलायला लागला.

“झाला बरं का कार्यक्रम! तुझ्या नाकावर टिच्चून झाला. एक पोरगी मिळाली गिटारला. तुझे सगळे तुकडे पाठ. रेकॉर्डवरून उतरवलेत, अगदी सुरासकट. तोसुद्धा. तिला सांगितलं, बाई, तो चुकलेला आहे, तर म्हणते, नाही हो, तसाच आहे तो. आणि तिनं तो लावला तेव्हा पब्लिक असं उठलं ना!” त्यानं दोन्ही हात वर केले. “तुझ्याशिवाय झालं सगळं. तुझी चूकसुद्धा तुझ्याशिवाय झाली.”

“छान,” करवत म्हणाला.

धडाक्याला यापेक्षा जास्त काहीतरी हवं होतं. भांडण, शिवी, निदान चेहरा पडणं. त्यासाठी तो एवढे जिने चढून आला होता. त्यानं इकडेतिकडे बघितलं आणि त्याला कपाटावरचं चित्र दिसलं.

“हे काय? पुसलं नाही?”

“प्रदर्शनात लावतायत,” बायको म्हणाली. “आणि दादा, त्याच्याबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. आधीच घरात पुरेसं झालंय.”

धडाका एक अक्षर बोलला नाही. पण जाताना दार त्यानं आपल्या नावाला शोभेल असं लावलं.

प्रदर्शनाच्या हॉलमध्ये मुख्य भिंतीवर डेंटिस्टबाईंचा सूर्यास्त होता. मास्तरांच्या कवळीचं काम अजून पुरं व्हायचं होतं. सूर्यास्ताच्या शेजारी विम्याच्या साहेबांचा घोडा, या वेळेस कोरडा.

“तुमचं आतल्या बाजूला आहे,” मास्तर करवतला म्हणाले. “बाथरूमच्या दाराशेजारी.”

“बाथरूमच्या?”

“तुमच्या चित्रात नळ आहे. लोकांना चुकल्यासारखं वाटणार नाही.” मग ते दुसरीकडे बघत म्हणाले, “उजेड बरा आहे तिथे. डावीकडून येतो.”

बाथरूमकडे जाणाऱ्या बोळात खरंच उजेड होता. चित्राखाली पट्टी होती. तिच्यावर करवतचं खरं नाव होतं, आईबापांनी ठेवलेलं. ते वाचून कुणी थांबेल अशी शक्यता नव्हती. तो भिंतीला पाठ लावून समोर उभा राहिला. हात खिशात, कारण बाहेर राहिले असते तर ताटलीकडे गेले असते.

लोक घोड्याजवळून हसत जात, सूर्यास्तासमोर मान तिरकी करत. बोळात कुणी मुद्दाम येत नव्हतं. संध्याकाळी धडाका आला. हॉटेलात वाजवायला जाण्यापूर्वीचा काळा कोट अंगावर होता. त्यानं करवतकडे बघितलं नाही. सरळ खिडकीसमोर, म्हणजे चित्राच्या डाव्या टोकाशी जाऊन उभा राहिला आणि तिथून सुरुवात केली. खिडकी. एक पाऊल. नळ. तिथे तो बराच थांबला. किटली. दांड्यापाशी त्याच्या कपाळावर आठी आली. मग ताटल्या, पहिली, दुसरी, तिसरी, चौथी. चित्र बघणारा हा एकच माणूस बरोबर क्रमानं बघत होता, आणि तो मेहुणा असावा, याचं करवतला मनापासून वाईट वाटलं.

“शेवट घाईत उरकलास,” धडाका म्हणाला.

“हो.”

“मधे लय सुटलीय. किटलीला.”

“हो.”

“आणि ही पडणार.”

“माहितीये.”

“मग नीट कर की. उद्या ये सकाळी, म्हाताऱ्याला सांग, आणि...”

“नाही करायची.”

“म्हणजे उद्या पण अशीच?”

“उद्या पण.”

धडाक्यानं ताटलीकडे पुन्हा एकदा बघितलं. काहीतरी तिखट बोलायचं त्याच्या ओठांवर आलेलं दिसलं. मग त्यानं घड्याळ बघितलं, “सूप चालू झालं असेल,” असं म्हणाला आणि गेला.

थोड्या वेळानं हॉलमध्ये चहा फिरला आणि त्याचा परिणाम म्हणून बोळात गर्दी झाली. बाथरूम एकच होतं. रांग दारापासून सुरू होऊन चित्राच्या समोरून मागे सरकत गेली. रांगेतल्या माणसाला दुसरीकडे बघायला काही नसतं, त्यामुळे प्रदर्शनातलं कुठलंच चित्र इतका वेळ कुणी बघितलं नसेल. एक जाडसर गृहस्थ नळाच्या थेंबाकडे बघून अस्वस्थ झाले. दोन बहिणी दिवसा दिवा का लावलाय यावर कुजबुजत भांडल्या आणि त्यांचं मिटलं नाही. ताटलीपाशी पोचल्यावर प्रत्येक जण जरासा थबके, हात किंचित पुढे करी, मग दार उघडे आणि तो आत जाई.

करवतला आपण केव्हा पुढे झालो ते कळलं नाही. तो रांगेच्या मधोमध येऊन उभा होता, खिडकीच्या अगदी समोर. मागून खांद्यावर टकटक झाली. छत्री घेतलेल्या एक वयस्कर बाई होत्या.

“अहो, तुम्ही रांगेत आहात का?”

“नाही.”

“मग जरा बाजूला व्हा ना. दिसत नाही काही.”

करवत बाजूला झाला. बाई चष्मा सावरून खिडकीपाशी आल्या, आणि रांग सरकली तशा एक पाऊल पुढे, नळाकडे गेल्या.